माउंटखाली गेलेली दीर्घिका

माझं फ्रेमचं दुकान आहे. फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं, जे आणाल ते काचेत बसवून देतो. बायको गेल्यापासून मुलीने एकच धोशा लावला होता, "बाबा, दुकान बंद करा आणि आमच्याकडे राहायला या."

"मला काय धाड भरलीय?"

"गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचे म्हणजे तुमच्या अंगावर काटा येतो. एकटे कसे चालवाल?"

ते खरं होतं. बोलायचं खातं बायकोकडे होतं. मी आतल्या खोलीत कापाकापी करायचो, ही काउंटरवर. कोणी फोटो आणला की हिचा पहिला प्रश्न, "यात तुमचं कोण?" मग गिऱ्हाईक बोट ठेवून दाखवणार, ही आजी, हा धाकटा, आणि ही त्यांच्या घरातली भांडणं चवीने ऐकत बसणार. मी आतून ओरडायचो, "अगं, आधी माप घे!"

मुलगी तारे बघायच्या नोकरीत आहे. मी असं सांगितलं की ती कपाळाला हात लावते. तिच्या संस्थेत नवं दालन उघडणार होतं आणि तिथे लावायला एक मोठा फोटो फ्रेम करायचा होता. तिने अटच घातली. "हे काम एकट्याने नीट करून दाखवा. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर दुकानाला कुलूप."

"जमलं समज," मी म्हणालो.

फोटोत काळं आभाळ आणि मधोमध एक भलीमोठी आकाशगंगा, मोरीत पाणी जाताना गरगरतं तशी. खालच्या कोपऱ्यात मात्र एक पांढुरका डाग. मी लगेच ओळखलं. बुरशी. जुन्या फोटोंवर अशी धरतेच. एवढी शिकलेली पोरगी, आणि फोटो ओलीत ठेवते! तिची अब्रू राखायची म्हणून माउंट, म्हणजे चित्राभोवती लावायचा जाड पुठ्ठा, मुद्दाम रुंद ठेवला. डाग खाली गडप. काच लख्ख पुसली. इतकं देखणं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मुलगी आणि जावई फ्रेम न्यायला आले. मुलगी नुसती बघतच राहिली. मला वाटलं, कौतुक.

"बाबा, माझी दीर्घिका कुठंय?"

"ही काय! एवढी मोठी मध्ये."

"ही नाही हो, ही सगळ्यांना माहीत आहे. हिच्याभोवती फिरणारी एक छोटी आहे. अगदी पुसट. खालच्या कोपऱ्यात. किती वर्षं तिच्यामागे लागलेय मी!"

मी माउंटच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं. "तो डाग?"

"डाग?"

"मला वाटलं, बुरशी."

जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"तू हसू नकोस," मुलगी म्हणाली. "उद्घाटनात आमच्या संस्थेचे सर तिच्यावरच बोलणार आहेत."

"पण एवढी पुसट कशी गं?"

"तिच्यात तारेच थोडे आहेत. त्यातले काही ही मोठी हळूहळू ओढून घेते."

"म्हणजे 'आमच्याकडे राहायला या' म्हणते?"

जावयाला ठसका लागला. मुलगी मात्र हसली नाही. "आईने विचारलं असतं," एवढंच म्हणाली.

विचारलंच असतं. यात तुझं कोण? मी विचारलं नव्हतं. दाराच्या कडीला लटकणारं कुलूप मला एकदम मोठं दिसायला लागलं.

तेवढा मोठा पुठ्ठा दुसरा नव्हता. मी फ्रेम पालथी घातली, खिळे उपसले, माउंट बाजूला काढला. "बोट ठेव. नेमकी कुठे?" तिने ठेवलं. मग माउंटमध्ये त्याच जागी काडेपेटीएवढी वेगळी खिडकी कापली. मोठीला मोठी, छोटीला छोटी.

दालनात भलतंच झालं. मोठीकडे कोणी बघेचना. जो तो वाकून त्या छोट्या खिडकीत डोळे घालतोय. एक बाई चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. "यात काहीच नाही हो."

"जरा थांबा, दिसेल," मुलगी म्हणाली.

बाई थांबल्या. मागच्यांनी आरडाओरडा केला, तरी हलल्या नाहीत. "अगबाई, आहे की!"

सर खूश. "मी हिच्यावर बोलायला लागलो की पाहुणे चहाकडे बघतात. आज रांग लागली! कल्पना कोणाची?"

"बाबांची," मुलगी म्हणाली.

"बुरशीची," जावई म्हणाला.

परतताना मुलगी दुकानाच्या पायरीवर थांबली. "राहू दे दुकान. पण दर रविवारी जेवायला यायचं."

"फेरी मारीन. ओढून घ्यायचं नाही."

"नाही घेत. आणि काउंटरवर बोलायचं."

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ लग्नातला फोटो घेऊन आला. ही माणसांची गर्दी. मी टेप उचलली, खाली ठेवली, घसा खाकरला.

"यात तुमचं कोण?"

त्याने स्टूल पुढे ओढलं. दुपार झाली तरी त्याची एकच मावशी संपली होती. आधी माप घे म्हणून ओरडायला आत कोणी नव्हतं.