गाळातला आवाज

सगळ्यांचा आवाज येत होता, फक्त दॉन एवेलिओंचा येत नव्हता! आणि ते तर हातभर अंतरावर उभे होते. नास्लीच्या कानातल्या बोंडातून फाटकावरच्या पोरी खिदळताना ऐकू येत होत्या, स्वयंपाकघरात आरेपा, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, करपवल्याबद्दल कुणीतरी बोलणी खात होतं. समोर दॉन एवेलिओ मात्र मनगटावरच्या पट्ट्याला तोंड लावून, गळ्याच्या शिरा तट्ट फुगवून ओरडत होते, आणि नुसते ओठ हलत होते. काचेपलीकडच्या माशासारखे.

 नास्लीनं बोंड उपटून काढलं.

"थांब! थांब म्हणतोय ना, भवाने!" म्हातारा अक्षरशः गरजत होता. रिकामं रोलर कोस्टर धुक्यातून खडखडत गेलं. करमणुकीच्या बागेत सगळे त्या गाडीला खेचर म्हणायचे, आणि आज ते शोभत होतं.

"पोरी, मी मेलोबिलो नाही ना गं?"

"मेलेली माणसं इतक्या शिव्या देत नाहीत, दॉन एवेलिओ."

ती हसली खरी, पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आज चाचणीसाठी मोजक्यांनीच घातले होते, पण शनिवारपासून बागेतल्या प्रत्येकाच्या मनगटावर हे पट्टे आणि कानात ही बोंडं येणार होती. चालकानं 'थांब' म्हटलं की गाडी थांबलीच पाहिजे. बागेच्या मुख्य बाई, दोन्या एरमिंदा, यांनी तर सरळ बजावलं होतं, "पट्टा ज्याचं ऐकणार नाही, तो खेचरावर उभा राहणार नाही." दॉन एवेलिओ तिथं सव्वीस वर्षं उभे होते. आणि पट्ट्यांमधली आवाजाची गाळणी नास्लीनं बनवली होती. तिनं! एकटीनं!

गाळणीची रीत अगदी सोपी. मंगळवारी बाग बंद असते. तेव्हा दॉन एवेलिओंनी एकेक पाळणा रिकामा फिरवायचा आणि नास्लीनं वर खोलीत बसून सगळं टिपायचं. रिकाम्या बागेत जे ऐकू येतं तो गोंगाट, तेवढा पट्टा गाळून टाकणार. अट एकच, कुणी बोलायचं नाही. गाळून काढलेल्या आवाजाला ती गाळ म्हणायची, कॉफीचा पेल्याच्या तळाशी राहतो तसा.

तिनं मागच्या मंगळवारचा गाळ लावला. चाकं, साखळ्या, वारा. आणि त्यांच्या खाली एक पुटपुट. 'नमो मारिये, कृपापूर्णे...'

"दॉन एवेलिओ! तुम्ही बोलत होतात!"

"छे, छे! शब्द काढला नाही मी."

"हे कोण मग?"

"ती प्रार्थना झाली. पहिली गाडी काय प्रार्थनेशिवाय सोडायची? प्रार्थना कुणी बोलण्यात धरतं का?"

नास्लीनं कपाळावर हात मारला. पट्टा शिकला होता, हा म्हातारा म्हणजे गोंगाट! तिला हसू फुटणार, तेवढ्यात गाळात पुढचं ऐकू आलं. दॉन एवेलिओ अर्धी प्रार्थना म्हणून थांबत होते, आणि उरलेली अर्धी एक बाई म्हणत होती. शांतपणे, अगदी जवळून.

"तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही."

तिनं बोंड त्यांच्या कानाला लावलं. त्यांनी ते हातानं कानावर घट्ट दाबून धरलं.

"ओफेलिया," ते म्हणाले. "माझी बायको. ती बघ तिची तिकीटखिडकी, फळ्या ठोकलेली. रोज आम्ही अर्धी अर्धी म्हणायचो. जाऊन चार वर्षं झाली. मी तिच्यासाठी थांबतो अजून... पण मला कधी काही ऐकू आलं नाही गं. कान गेलेत."

नास्लीनं बोंड परत घेतलं. पण शनिवार काही थांबणार नव्हता. तिनं जुना नमुना पुसला, म्हाताऱ्याच्या तोंडात कॉफीची गोळी कोंबली आणि दटावलं, "चघळा. प्रार्थना मनात!"

खेचर रिकामं फिरलं. नवी गाळणी तयार झाली. दॉन एवेलिओ पट्ट्यात म्हणाले, "थांब." बोंडात खणखणीत आवाज आला, आणि खेचर जागच्या जागी थांबलं! म्हातारा दोन पावलं नाचला.

नास्लीनं सवयीनं नवा गाळ लावला. चाकं, साखळ्या, वारा. मग ती बाई. उरलेली अर्धी प्रार्थना तिनं एकदा म्हटली, जरा थांबून पुन्हा म्हटली. मग गप्प. मग एकदम घाबरून, "एवेलिओ? कुठे आहेस? तुझा आवाज येत नाहीये."

"होती का?" दॉन एवेलिओंनी विचारलं.

खोटं बोलावं असं वाटून गेलं. "होती. तुम्हाला शोधत होती."

ते खेचराच्या पायरीवर बसले. "आणि आता तुझी बोंडं तिला गाळून टाकणार."

"हो."

"फाटक नवाला उघडतं," ते म्हणाले. "पहिली रिकामी गाडी मी आठला सोडतो. तेवढ्यापुरतं बोंड खिशात ठेवीन. चालेल?"

"दोन्या एरमिंदांना कोण सांगतंय!"

त्यांनी तिथल्या तिथे बोंड काढलं. नास्लीनंही काढलं. एकदम धुकं जवळ आल्यासारखं वाटलं. रुळांवरून थेंब टपकत होते. दॉन एवेलिओंनी टोपी काढली, आपली अर्धी प्रार्थना मोठ्यानं म्हटली आणि थांबले.

काहीच नाही. थेंब. पुन्हा थेंब.

मग फळ्या ठोकलेल्या खिडकीमागे कुणीतरी हळूच श्वास घेतला, बोलायला सुरुवात करण्याआधी घेतात तसा.