साबणाचे स्क्रू

सुतारानं पेचकस स्क्रूच्या खाचेत बसवला, पाय घट्ट रोवले आणि लेकीला बजावलं,

“निघायचा नाही हा. आधीच सांगून ठेवतो.”

“बघा तर खरं, बाबा. रोज सकाळी या दांड्याला धरून उभे राहता. आत आहे का कोणी आता?” डोळे पुसत ती स्वयंपाकघरात गेली.

न्हाणीघराच्या चौकटीला हा लाकडी दांडा त्यानं बायकोसाठी बसवला होता, आजारानं तिचे पाय लटपटायला लागले तेव्हा. ती गेली, दांडा राहिला. तिची मूठ पडायची तिथलं पॉलिश उडालं होतं आणि त्याचा हात नेमका तिथंच जायचा. दांडा काढला तर ती दुसऱ्यांदा जाईल, असं त्याला वाटायचं. पण लेकीपुढे हे बोलायचं कसं? म्हणून त्यानं सगळी भिस्त गंजावर ठेवली होती.

स्क्रू लाकडात सहज जावा म्हणून सुतार काही ना काही लावतातच. हा जन्मभर साबण लावत आला. साबण ओल धरतो, लोखंड गंजतं, आणि मग स्क्रूचं डोकं तुटेल पण स्क्रू हलायचा नाही. गिऱ्हाइकं वैतागायची, हा मिशीत हसायचा. “आपलं काम उखडण्यासाठी नसतं!”

“अहो, मेण लावा की,” बायको म्हणायची. “पुढं काढायचं झालं तर निघेल तरी. आणि आंघोळीला साबण उरेल. या घरात माणसांपेक्षा तुमचे स्क्रूच जास्त न्हातात!”

दांडा बसवताना ती त्याच्या पाठीमागे स्टुलावर बसली होती, स्क्रूंची डबी आणि त्यानं दिलेली साबणाची वडी मांडीवर घेऊन. हा न बघता हात मागे करायचा, ती चोळलेला स्क्रू तळव्यावर ठेवायची.

“बरी झालीस तरी राहू दे हा,” तो म्हणाला होता. “म्हातारपणी दोघांना लागेल.”

ती नुसतं “हं” म्हणाली होती.

त्यानं पेचकस फिरवला. स्क्रू फिरला. मनगटाचा जोरसुद्धा लागला नाही. दुसराही तसाच सुटला, मग तिसरा, चौथा. दांडा अलगद हातात आला.

गंजाचा डाग नव्हता. आट्यांमध्ये पांढरट काहीतरी होतं. त्यानं नखानं खरवडलं, ओल्या बोटांत चोळलं. फेस आला नाही. मेण होतं ते, मेणबत्तीचं.

म्हणजे तिला ठाऊक होतं. आपण बऱ्या होणार नाही हे, आणि मागं हा दांडा कोणाला काढावा लागणार हेही. त्याला ते जड जाऊ नये म्हणून लटपटत्या हातांनी एकेक स्क्रू चोळत बसली होती, आणि हा शहाणा तिला म्हातारपणाच्या गोष्टी सांगत होता.

“अगं, एकदा बोलायचंस तरी,” तो दांड्याला म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

मग त्यानं डोळे पुसले. स्क्रू फडक्यानं रगडून पुसले, मेणाचा कणही ठेवला नाही. फळीवरची साबणाची वडी घेतली, ओली केली आणि चारही स्क्रू त्यात पुन्हापुन्हा घोळवले. दांडा जागेवर धरला. शेवटचा स्क्रू त्यानं सगळं अंग टाकून पिळला.

“निघाला का हो, बाबा?” आतून लेकीनं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “आता नाही निघायचा.”