भास्करचं पथ्य

"पुठ्ठ्याचं नको. खांद्याचं दे. अन् चरबी काढून."

मनकर्णाबाई बोलून गेल्या आणि स्वतःच दचकल्या. नाकाला पदर लावून, पाठ अर्धी रस्त्याकडे वळवून त्या पुंजारामच्या दुकानासमोर उभ्या होत्या. पुंजाराम खाटीक होता, पण माणसं ओळखणारा होता. त्याने सुरी थांबवली आणि आधी त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली, मग त्यांचा चेहरा.

"बाई, तुमाले खांदा अन् पुठ्ठा कसा काय समजते?"

"कोनीतरी सांगतलं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

सांगितलं कुणीच नव्हतं. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी मटण हा शब्दही तोंडातून काढला नव्हता. अमरावतीच्या कडेला, नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर त्यांची दोन एकर शेवंती आणि झेंडू. नवऱ्याचं, केशवरावांचं, घर पिढीजात माळकरी. लग्न होऊन आल्यावर तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सुनेच्या गळ्यात माळ घातली आणि विषय संपला. तसा विषय कुणी काढलाच नव्हता.

आता काढला तो एका कुत्र्याने. कुत्रा मुलीचा, वर्षालीचा. ती अकोल्याला नोकरीत. तिला दिवस गेले, डॉक्टरांनी आराम सांगितला, आणि लॅब्राडॉर जातीचा हा पस्तीस किलोचा जावई तीन महिन्यांसाठी माहेरी पाठवण्यात आला. त्याचं नाव ऑस्कर. केशवरावांच्या जिभेला ते पेललं नाही. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी त्याला भास्कर करून टाकलं आणि गंमत म्हणजे कुत्र्यालाही ते जास्त पसंत पडलं असावं. भास्कर म्हटलं की तो शेपटीसकट सगळा मागचा भाग हलवत यायचा.

पण बिचारा खाजेने हैराण होता. कान लाल, पोट सोललेलं, पंजे चाटून चाटून भुरे पडलेले. रात्रंदिवस आपला खरखर, खरखर. गावातल्या जनावरांच्या डॉक्टर मंजुषा मॅडमनी त्याला उलटापालटा करून पाहिलं आणि विचारलं, "आजवर काय खायचा?"

"कोंबडीच. वर्षाली रोज कोंबडी देत होती म्हने," केशवराव शरमून म्हणाले. जणू स्वतःच खात होते.

"मग तीच अंगावर उठतेय. आता दोन महिने एकच मांस द्यायचं, जे त्याने कधी खाल्लं नाही ते. बोकडाचं द्या. सोबत उकडलेलं कोहळं. खाज थांबली की मासे, मग अंडी, असं एकेक बदलून पाहू. एका वेळी एकच. नुसतं पाण्यात शिजवायचं बरं का. मीठ नाही, तेल नाही. आणि कांदा-लसूण तर कुत्र्याला विषच आहे."

घरी येताना केशवराव गंभीर होते. शेवटी त्यांनी निकाल दिला. घराबाहेर जांभळीखाली तीन दगडांची वेगळी चूल, वेगळं पातेलं, शिजवल्यावर अंघोळ. आणि एकादशीला काही झालं तरी मांस नाही. त्या दिवशी भास्करलाही एकादशी. त्याला कोहळं आणि भगर.

"मी त्या दुकानात जानार नाई," ते म्हणाले. "तुले जमन का?"

"जमन," मनकर्णाबाई म्हणाल्या. किती पटकन म्हणाल्या, हे केशवरावांच्या लक्षात आलं नाही.

*

दिवस हिवाळ्याचे होते. सकाळी शेवंतीवर धुकं बसायचं, ते दहा वाजता उठायचं. केशवराव फुलांची पोती मोपेडला बांधून बाजारात जायचे, ते दुपार कलली की परत. मधला सगळा वेळ जांभळीखाली मनकर्णाबाई, भास्कर आणि ते पातेलं.

पहिल्या दिवशी वाफ अंगावर आली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी फिरवलं नाही. चौथ्या दिवशी त्या जांभळीला पाठ टेकून चुलीच्या अगदी जवळ बसल्या आणि हार गुंफता गुंफता त्यांचे डोळे मिटले. त्या वाफेत मीठ नव्हतं, मसाला नव्हता, काहीच नव्हतं. तरी तिच्यात वरुडकडचं त्यांचं गाव होतं. संत्र्याच्या बागेतून नदीकडे उतरणारी वाट होती. आखाडात बाप अंगणात उकिडवा बसून स्वतः मटण शिजवायचा, आईला हात लावू द्यायचा नाही, तो बाप होता. त्याची पाठ दिसायची, चेहरा दिसत नसे. तो म्हणायचा, "मने, मीठ पाह्य." आणि पळीतला रस्सा तिच्या तळहातावर सोडायचा. तळहात भाजायचा. ती चाटायची. मग फुंकर घालायची. क्रम नेहमी हाच.

जागं व्हावं तर हातातला हार अर्धा, ऊन पायांवरून गुडघ्यांवर आलेलं, आणि भास्कर पायाशी झोपेत धावत असायचा. त्याचे पंजे हलायचे, ओठ थरथरायचे. त्यालाही कुणाचं तरी अंगण दिसत असावं. मनकर्णाबाईंना वाटायचं, आपण दोघं एकाच ठिकाणी जाऊन आलो, फक्त वेगवेगळ्या वाटांनी. त्यांना हसू यायचं. आपण या वयात कुत्र्याशी नातं जोडून बसलोय म्हणून. पण खरं सांगायचं तर इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

भास्करची खाज थांबत होती. पोटावर मऊ लव आली, कान निवले. वर्षाली फोनवर त्याला पाहून रडली. "आई, तू जादू केली वं!"

"जादू कायची. पानी अन् मटन," मनकर्णाबाई म्हणाल्या.

*

सहाव्या आठवड्यात, एका बुधवारी, ते झालं.

त्यांची बारीक डुलकी लागली होती. बाप दिसत होता, पण आज तो उठून चालला होता, नदीकडे, आणि चूल तशीच जळत होती. मने, पाह्य जरा, एवढंच तो म्हणाला. त्या उठल्या. उठल्या की झोपेतच होत्या, हे त्यांना पुढे कधीही नक्की सांगता आलं नाही. घरातून चार मोठे कांदे आणले. निखाऱ्यात घातले. साल काळी होऊन आतून गोड वास सुटला. खोबऱ्याची वाटी भाजली, खसखस, लसणाचा गड्डा. पाटा धुतला. हात आपोआप फिरत होते, जणू काल-परवाच फिरले होते. वाटण तेल-तिखटात परतलं, भास्करचं शिजलेलं मटण त्यात पडलं, तेलाचा लाल तवंग वर आला, आणि मग मात्र त्या पुऱ्या जाग्या झाल्या.

जाग्या झाल्या आणि थांबल्या नाहीत. हे महत्त्वाचं आहे. कारण स्वप्नाला दोष देणं सोपं होतं, आणि मनकर्णाबाई तशा नव्हत्या.

त्यांनी गळ्यातली माळ काढली, जांभळीच्या खालच्या फांदीला अडकवली. वाटीत चार फोडी घेतल्या. पहिली तोंडात घातली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लाज होतीच. पण लाजेपेक्षा मोठं दुसरं काहीतरी होतं, आणि त्याला नाव द्यायला त्या थांबल्या नाहीत. चारही फोडी खाल्ल्या. बोटं चाटली.

तेवढ्यात फाटकापाशी मोपेडचा आवाज झाला. आज बाजार लवकर उरकला होता. पातेलं लपवायला जागा नव्हती, ओतायला वेळ नव्हता. भास्कर शेजारी लाळ गाळत उभा होता. मनकर्णाबाईंनी सगळा रस्सा, वाटणासकट, त्याच्या ताटलीत उलटा केला. त्याने दोन मिनिटांत ताटली आरशासारखी केली.

केशवराव आत आले. "आज लय वास येऊन राह्यला."

"शेजारचा असन," त्या म्हणाल्या. माळ फांदीवरच होती. त्यांनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

*

शुक्रवारी एकादशी होती. केशवरावांनी भास्करसमोर कोहळं आणि भगर ठेवली. त्याने हुंगलं आणि मान टाकली. शनिवारी तो उठलाच नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली.

रिक्षात केशवरावांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ज्यांनी आयुष्यात अंड्याला हात लावला नाही ते सत्तर वर्षांचे केशवराव कुत्र्याच्या कानात पुटपुटत होते, "भास्करराव, असं नोका करू गड्या. वर्षालीले काय सांगू मी?"

टेबलावर मंजुषा मॅडमनी त्याचा ओठ उचलून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "काय खाल्लं याने?"

केशवरावांनी हात जोडले.

"मॅडम, चूक माही हाये. दर एकादशीले मी त्याचं मटन बंद करत होतो. काल बी केलं. मुक्या जनावराले मी उपास धरवला. माहा धरम मी त्याच्यावर लादला. बाईचा काई दोस नाई, ते नाईच म्हने. तिले काई बोलू नोका."

मनकर्णाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या काही 'नाई' म्हणाल्या नव्हत्या. नवऱ्याने हे आत्ता, इथे, त्यांना वाचवायला रचलं होतं. समोर हा माणूस न केलेल्या चुकीसाठी रडकुंडीला आला होता, आणि त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. सगळं आपोआप निभावलं असतं.

"काका, भगरीने असं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "रक्त फुटतंय त्याचं. दुसरं काहीतरी पोटात गेलंय. नीट आठवा. मला कळलं नाही तर मी अंदाजाने औषध देत बसेन, आणि तेवढा वेळ नाहीये."

"कांदा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"चार कांदे. मोठ्ठाले. अन् एक गड्डा लसन. बुधवारी."

"अहो पण मी सांगितलं होतं ना काकू? मग त्याला का घातला?"

"त्याच्यासाठी नोयता घातला." त्या भिंतीपासून पुढे आल्या. "माह्यासाठी रस्सा केला होता. म्या खाल्ला. मंग हे आले, म्हून उरलेला त्याले टाकला. लपवासाठी."

मॅडमनी एक क्षणही घालवला नाही. सलाईन, इंजेक्शन, रक्त द्यायला कुणाचा मोठा कुत्रा मिळतो का म्हणून फोन. केशवराव बाकावर बसले. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. मनकर्णाबाई उभ्याच राहिल्या. बस कुणी म्हटलं नाही, आणि स्वतःहून बसावं असं त्यांना वाटेना.

*

भास्कर वाचला. पाचव्या दिवशी तो घरी आला, पाय लटपटत, पण फाटकातून स्वतः चालत.

या पाच दिवसांत केशवराव बोलले ते पाणी दे, दार लाव, एवढंच. ताटात पडेल ते जेवत होते. एकदा सकाळी मनकर्णाबाईंनी पाहिलं, माळ फांदीवरून काढून कुणीतरी भिंतीतल्या दिवळीत ठेवली होती. घाल म्हटलं नव्हतं, नको घालू असंही म्हटलं नव्हतं. त्यांनी तिला हात लावला नाही. घालावी असा आपला हक्क राहिलाय का, तेच त्यांना कळत नव्हतं.

शेवटी त्यांनाच सहन होईना. "बोला तं काईतरी. शिव्या द्या. माहेरी धाडा. पन बोला."

केशवराव ओसरीवर बसले होते. 

"तुले ते आवडे, हे मले मालूमच नोयतं," ते म्हणाले.

"तुमी कधी इचारलंच नाई."

"तू बी सांगतलं नाई."

"कोनाले सांगू? आल्यावर तिसऱ्या दिसी माळ घातली मामंजीनं. ते बी घालाच्या आंधी कोनी इचारलं नाई."

 केशवरावांनी मान हलवली. रागाने नव्हे, हिशेब चुकल्याचं खूप उशिरा कळलेल्या माणसासारखी.

पंधरा दिवसांनी मंजुषा मॅडमनी भास्करचं मांस बदलायला सांगितलं. आता मासे. त्या सकाळी केशवराव काही न सांगता पिशवी घेऊन निघाले आणि तासाभराने रिकाम्या हाताने परत आले. धोतराच्या काठावर चिखल होता आणि चेहरा पाहण्यासारखा होता.

"मासळीबाजारात गेलतो," ते म्हणाले. "तिथं लय नावं हायेत वो. रोहू म्हनते, मरळ म्हनते, आनखी कायकाय. ते बाई माह्यावर हसाले लागली. त्याले कोनता चालन?"

 मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "मरळ. त्याच्यात काटे कमी राहते. पन तरी पाहून काढा लागते."

"अन् तुले? तुले कोनता आवडे?"

ओसरीवर ऊन आलं होतं. भास्कर दोघांच्या मध्ये आडवा पडला होता. मनकर्णाबाईंना वाटलं, आपण पुन्हा पेंगलो की काय.

"झिंगे," त्या म्हणाल्या. "नदीतले. बारीक."

"झिंगा कसा असते?"

केशवरावांनी खरंच विचारलं होतं. सत्तर वर्षांत त्यांनी झिंगा पाहिला नव्हता. मनकर्णाबाईंनी उजव्या हाताची तर्जनी वर केली, आणि ती हळूहळू आत वाकवली.

"असा."

केशवराव ते बोट नीट पाहत राहिले. मग त्यांनीही आपलं बोट उचललं आणि तसंच वाकवून पाहिलं.