मूळचा तडा

केस्ट्रल ४४० या गाड्या कंपनीने मोजून एकसष्ट काढल्या. त्यातल्या गर्द जांभळ्या फक्त चार.

*

वरच्या तीन दातांची कवळी पाण्यात न ठेवता सुकू दिली, तर तिचा आकार बिघडतो.

*

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात शाळेची बस चालवणारी मार्लीन कुब्याक दुसऱ्याच्या गाडीत कधीच पुढे बसत नाही. मागे बसते, खिडकीशी. लोकांना वाटतं, तिला पुढे मळमळतं.

*

हातोड्याचं डोकं तीन पौंडांचं. दांडा दोनदा बदललेला.

*

जुन्या गाड्यांच्या धंद्यात बाप मुलाला एक वाक्य शिकवतो: गाडी कितीदाही नवी करता येते, मूळची एकदाच असते.

*

१९७४. सिग्नल. व्हर्ना म्हणाली, "वॉल्ट, लाल आहे." एवढंच म्हणाली. वॉल्टने ब्रेक दाबला, बायकोचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड समोरच्या डॅशबोर्डवर आपटलं. मग पुन्हा. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, कारण तोवर हिरवा झाला होता.

*

मागच्या सीटवर त्यांची दोन पोरं होती. मार्लीन सात वर्षांची, डुएन पाच.

*

आता मार्लीन एकोणपन्नास वर्षांची आहे. ऑगस्टमधला शनिवार, सकाळचे दहा. डुएनच्या गॅरेजचं दार वर उचललेलं आहे आणि आत ती जांभळी गाडी उभी आहे. बाप मार्चमध्ये गेला. गाडी दोघांच्या नावावर ठेवून गेला, म्हणजे लिलावात लावायची तर दोघांच्या सह्या हव्यात.

"आलीस? बूट पूस," डुएन म्हणाला. "आणि गाडीला टेकू नकोस, तुझ्या जीन्सला बटणं आहेत."

"बायकोलाही असंच सांगायचास का? म्हणून पळाली वाटतं."

"ती पळाली कारण गॅरेजमध्ये हीटर आहे आणि बेडरूममध्ये नाही." स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. मार्लीनलाही हसू आलं. हसला की तो अजून पाच वर्षांचा दिसायचा.

"डुएन, एकच मागणं आहे. हा डॅशबोर्ड काढ, दुसरा बसव. जुना मला दे. मी आत्ता सही करते."

त्याचं हसू मावळलं. "तुला वेड लागलंय का?"

"पैसे कमी आले तर माझ्या हिश्श्यातून काप."

"प्रश्न पैशांचा नाही गं! मूळचा आहे तो. दुसरा बसवला की गाडी बाटली. फाटकी सीट चालते, गंज चालतो, तडा चालतो. बदललेलं नाही चालत. चाळीस वर्षं हिच्यावर साबणाचा फेस पडू दिला नाही मी."

"लिलावात दिवे लावतील. माइकवाला कोकलेल. लोक रांग लावून आत वाकतील आणि तो तडा बघून माना डोलावतील. आईचं तोंड आहे ते."

"तडा आहे तो. मला काही आठवत नाही. मी झोपलो होतो."

हे तो नेहमी म्हणायचा. मार्लीन कधी वाद घालत नसे. त्या दिवशी मागच्या सीटवर त्याने तिची बोटं इतकी आवळली होती की करंगळीचं नख काळं पडून गळून गेलं. झोपलेलं पोर असं आवळत नाही.

अकरा वाजता ट्राउटमन आला. हॉलिस ट्राउटमन, लिलाव कंपनीचा पारखी. हातात पांढरे सुती हातमोजे, काठीला बांधलेला आरसा, खिशात लोहचुंबक, तोंडात पेपरमिंटची गोळी. आल्या आल्या त्याने बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिनापुढे गुडघे टेकले.

इंजिनाच्या पुढच्या अंगाला दोन बोटं रुंदीची सपाट जागा असते. तिच्यावर कारखान्यात आकडे ठोकलेले असतात. तेच आकडे समोरच्या काचेखालच्या पट्टीवर. ट्राउटमनने टॉर्च मारला, भिंग लावलं, ओठ हलवत आकडे दोनदा वाचले.

"जुळतात," तो म्हणाला. "हे जुळले तर गाडी. नाही तर भंगार. चालेल, धावेल, पण भंगार."

"ठाऊक आहे," मार्लीन म्हणाली. "आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना नसायची, हे असायचं."

मग त्याने मागची सीट उचलली. कारखान्यातले कामगार गाडीचा हुकूमकागद, म्हणजे कोणता रंग, कोणतं इंजिन घालायचं त्याची यादी, सीटच्या स्प्रिंगांत कोंबून द्यायचे, टाकून द्यायचा आळस म्हणून. शेहेचाळीस वर्षं ती सीट कुणी उचलली नव्हती. कागद तिथेच होता. तपकिरी पडलेला, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेला, पण अख्खा. डुएनचे डोळे भरून आले. बापाच्या दफनाला ते कोरडे होते.

"वडिलांची नजर मानायला हवी," ट्राउटमन कागद चिमटीत धरून म्हणाला. "त्या काळी हा रंग कुणी घेत नव्हतं. आज या रंगासाठीच लोक एकमेकांचे गळे धरतील."

"डॅडला रंग कळायचा," डुएन म्हणाला.

ट्राउटमन पुढच्या दारातून आत वाकला. बोटाने तडा मोजला. "डॅशबोर्ड मूळचा, छान. हा उन्हाने गेला?"

"उन्हाने."

"दातांनी," मार्लीन म्हणाली. "आमच्या आईच्या. तीन तिथेच राहिले, मी मॅटवरून वेचले."

ट्राउटमनचं पेन थांबलं. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "काही कागद आहे का? पोलिसांचा, हॉस्पिटलचा?"

"म्हणजे?"

"कागद असेल तर तो इतिहास. नसेल तर नुसतं नुकसान."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या धंद्यात असंच बोलतात. पण मार्लीनला हसू फुटलं, आणि ते आवरेना. हसत हसतच तिने भिंतीवरच्या खिळ्यांवरून एक स्क्रूड्रायव्हर उचलला आणि ती पुढच्या दारातून आत वाकली.

"कुठून सुटतो हा? इथून?"

"मार्ली, हात काढ."

"चार स्क्रू तर दिसतायत."

"हात काढ म्हणतो ना, भवाने!"

स्क्रूड्रायव्हर घसरला आणि काळ्या रेक्झिनवर पांढरा ओरखडा उठला. वीतभर. डुएनने मागून तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड डॅशबोर्डवर आपटलं.

एकदाच. पण सगळा जोर लावून.

आवाज ओला होता. मार्लीन गुडघ्यांवर कोसळली, अर्धी आत, अर्धी बाहेर. ओठ फाटला होता. जिभेला काहीतरी टोकदार लागलं. तिने ते तळहातावर थुंकलं. अर्धा दात.

"अहो!" ट्राउटमन ओरडला. "अहो कुब्याक, काय करताय हे!"

डुएन तिच्यावरून ओणवा झाला. तिला वाटलं, तो तिला उचलणार. त्याने अंगठा लावला. तड्याच्या एका टोकाला. मग रक्तातूनच तो अंगठा सावकाश दुसऱ्या टोकापर्यंत नेला, तडा वाढला की काय हे बघत.

"नाही वाढला," तो स्वतःशी पुटपुटला. सुटकेने.

हातोडा चाकाजवळच पडलेला होता. मार्लीनने बसल्या जागेवरून तो दोन्ही हातांनी उचलला आणि त्या अंगठ्यावर घातला. हाडं वाळक्या काटक्यांसारखी मोडली. डुएन किंचाळला, मागे कोलमडला, हात पोटाशी धरून फरशीवर गडबडा लोळायला लागला. ट्राउटमन तोवर बाहेर पळाला होता. अंगणात कुणाला तरी फोनवर पत्ता सांगताना त्याचा आवाज चिरकत होता.

ती उठली. लोक समजतात की अशा वेळी माणूस काचा फोडतं, पत्रा चेचतं. मार्लीन काचांकडे फिरकलीही नाही. काच नवी मिळते. बॉनेट उघडंच होतं. तिने कामाच्या बाकावरून लोखंड घासायचा ग्राइंडर घेतला, बटण दाबलं. चाक गरगरायला लागलं.

डुएनला ते उमगलं आणि त्याचं कण्हणंच थांबलं.

"नको. मार्ली, तिथे नको. ऐक, डॅश घे. घे तुला, आत्ता काढून देतो! मार्ली, काचा फोड, सीट फाड, माझा दुसरा हात फोड, पण आकडे नको. ऐक ना गं. ऐक ना!"

तो गुडघ्यांवर सरपटत आला आणि शाबूत हाताने त्याने तिचा पाय धरला. तिने टाचेने त्याच्या छातीत लाथ घातली. तो सरकला, पुन्हा आला. तिने पुन्हा घातली. दुसऱ्या लाथेला त्याची बरगडी मोडल्याचं तिला टाचेतच कळलं.

"सांग, झोपला होतास?" ती ओरडली. रक्त हनुवटीवरून इंजिनावर ठिबकत होतं.

"नव्हतो!" तो भोकाड पसरून रडला. "नव्हतो झोपलो! बघितलं मी! सगळं बघितलं, बस? आता ठेव ते खाली!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षं तिला एवढंच ऐकायचं होतं. आणि त्याने ते दिलं, आकड्यांच्या बदल्यात.

तिने चाक टेकवलं.

ठिणग्या तिच्या मनगटांवर उडाल्या, बाही जळाली. पहिला आकडा गेला, दुसरा गेला. डुएनने कान झाकायला हात वर नेला, तर तो मोडलेला. चाळीसेक सेकंद लागले. ती दोन बोटांची जागा नव्या नाण्यासारखी लख्ख झाली. मग तिने किल्ली फिरवून पाहिली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, सुरेख घुमलं. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

मार्लीन गाडीत बसली. पुढे, चालकाशेजारच्या सीटवर, त्या तड्यासमोर. मुठीतला अर्धा दात तिने खिशात टाकला. रस्त्याच्या टोकाकडून सायरन जवळ येत होता आणि डुएन फरशीवर पडून आकडे म्हणत होता, सगळे, क्रमाने, एकही न चुकता.

१९७०च्या एप्रिलमध्ये शोरूममध्ये तो जांभळा रंग व्हर्नाने निवडला होता.