पाचवी नळी

दुपारी पावणेतीनच्या सुमारास आलेखावरची तुटकी रेघ सांधली गेली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

वास्तविक आनंद व्हायला हवा होता. तुटलेले सांधण्यासाठीच ती सात वर्षे सूक्ष्मदर्शकावर मान मोडून बसली होती. अकरा वर्षांपूर्वी एका आटलेल्या तळ्यात भोक पाडून, दीड-दीड मीटरच्या नऊ नळ्या भरून गाळ वर काढला गेला होता. पहिली नळी सर्वांत वरची, अलीकडच्या काळाची. नववी सर्वांत खोल, अतिप्राचीन. त्या गाळात प्रत्येक युगाने आपले परागकण सांडून ठेवले होते. झाडांचे पराग दाट असले की तो काळ पावसाचा, गवताचे दाट असले की कोरडा. आणि मधूनमधून काजळीचे कण, तळ्याकाठी कुणीतरी विस्तव जपत बसले होते त्याची खूण. हे सारे एकेक करून मोजायचे, एवढेच तिचे काम. सर तिला ‘मुंगी’ म्हणत, आणि ते कौतुक आहे असे ती सात वर्षे समजून चालली होती.

सरांचे नाव झाले ते पाचव्या नळीमुळे. त्या नळीच्या खालच्या टोकाशी अरण्य एकाएकी नाहीसे होई आणि गवत माजे. मग अरण्य हळूहळू परते, आणि वरच्या टोकाशी पुन्हा एका फटक्यात नाहीसे होई. काजळी आधी दाट, मग विरळ, मग जवळजवळ शून्य, आणि चौथ्या नळीत पुन्हा एकदम दाट. यावरून सरांनी सिद्धान्त मांडला: दोन भीषण अवर्षणे, जीव मुठीत धरून पळालेली आदिमानवांची टोळी, आणि पुढे कुठूनशी आलेली नवी माणसे. त्या पलायनाची चित्रे शाळेच्या पुस्तकांत गेली. तिचा स्वतःचा प्रबंधही त्याच दोन अवर्षणांवर उभा होता.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका चमूने त्याच तळ्यात, हाकेच्या अंतरावर, नवे भोक पाडले. त्यांच्या गाळात असली एकही उडी नव्हती. त्यांच्या चुका शोधून काढ, असे सरांनी तिला फर्मावले. तिने चार दिवस डोके फोडले, आणि आज, निव्वळ वैतागून, पाचव्या नळीचे आकडे शेवटाकडून सुरुवातीकडे भरून पाहिले. दोन्ही उड्या नाहीशा झाल्या. सहाव्या नळीतले अरण्य पाचव्या नळीत सावकाश विरत गेले आणि चौथीच्या गवताला जाऊन मिळाले. प्रलय नव्हते, फटका नव्हता. फक्त एक नळी अकरा वर्षे डोक्यावर उभी होती.

ती तशीच जिना उतरून नळ्यांच्या कोठारात गेली. ते सांभाळणारे मामा (कुणाचे मामा, हे कुणालाच ठाऊक नव्हते) त्या कडाक्याच्या गारठ्यात कानटोपी घालून फळीवरची धूळ झटकत होते. तळ्यावर यंत्रही त्यांनीच चालवले होते. तिने पाचवी नळी मागितली; कशाला, असे त्यांनी विचारले नाही. नळीच्या वरच्या टोकाला लाल टोपण लावायचे आणि खालच्या टोकाला निळे, हा तिथला नियम. मामांनी नळी मेजावर आडवी ठेवली, अंगठ्याच्या नखाने चिठ्ठी सोलून काढली. खाली खिळ्याने ओरखडलेला एक बाण होता. तो निळ्या टोपणाकडे बोट दाखवीत होता.

नळी जमिनीतून पुरती वर येण्याआधीच आपण असा वरच्या टोकाकडे जाणारा बाण ओढतो, ते म्हणाले. टोपणे लावणारे हात बदलतात, ओरखडा बदलत नाही. त्या दिवशी छायाचित्रकार आले होते. सरांनी पाचवी नळी तान्ह्या मुलासारखी हातांवर घेतली, या बाजूने, त्या बाजूने फोटो काढून घेतले, आणि टोपणेही कॅमेऱ्यासमोर स्वतःच बसवली. मामांनी तेव्हाच टोकले. गाडीत नळ्या चढवताना पुन्हा टोकले. त्यावर मिळालेले उत्तर त्यांनी जसेच्या तसे ऐकवले.

“तुम्ही नळ्या उचला मामा, अर्थ आम्ही काढतो.”

तिचे कान तापले. “मग मला का नाही सांगितलंत? सात वर्षं मी तुमच्याकडून नमुने नेतेय.”

“नेतेस. वहीत सही करतेस आणि पळतेस. बस म्हटलं तर थंडी वाजते म्हणतेस.” ते हसले नाहीत. “तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, पोरी.”

सरांच्या खोलीत ती दार न वाजवता शिरली. सगळे ऐकून घेताना सरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिथवर तू पोचशील असे वाटलेच होते, असे म्हणून त्यांनी खणातून टंकलेला कागद काढला. तो शुद्धिपत्राचा मसुदा होता; आठवड्यापूर्वीची तारीख, खाली दोन सह्यांच्या जागा, एक त्यांची, एक तिची. म्हणजे एकीकडे तिला परक्यांच्या चुका शोधायला जुंपून त्यांनी परतीची वाटही बांधून ठेवली होती. ‘नमुना हाताळणाऱ्या तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे’ असे पहिलेच वाक्य होते.

“मामा महिनाअखेरीला निवृत्त होतायत,” सर म्हणाले. “त्यांना कोण विचारायला जातंय? आपलं दोघांचं मात्र अजून सगळं पुढे आहे. डोकं शांत ठेव, मुंगे.”

त्या ‘आपलं दोघांचं’ या शब्दांनी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरडाओरडा तिला कधी जमला नव्हता. तिचा राग गाळासारखा, थरावर थर साचणारा. कागद हातात घेऊन ती बाहेर पडली, आणि कोठारात जाऊन मामांना तो अक्षरन् अक्षर वाचून दाखवला.

मामांनी कानटोपी काढली. पांढरे केस घामाने कपाळाला चिकटले होते, त्या गारठ्यात.

“निष्काळजी,” ते म्हणाले. “तीस वर्षांत एक नळी उलटी ठेवली नाही मी. निष्काळजी.” तिने घाईघाईने सांगितले की ती यावर सही करणार नाही, ती त्यांना यातून सोडवील. त्यावर त्यांचा आवाज एकदम चढला. “सोडवतेस कसली? मी अडकलोय कुठं? माझी कीव करून काही लिहू नकोस. जे झालं ते लिही. आणि लिहिणारच असशील तर तुझंही लिही.”

हे शेवटचे वाक्य तिला झोंबले, कारण ते खरे होते. बाण सात वर्षे त्या चिठ्ठीखाली होता, आणि प्रबंधाच्या गडबडीत तिने एकदाही नळी उचलून पाहिली नव्हती. सुकलेल्या चिखलाच्या भेगा वरून रुंद असतात आणि खाली निमुळत्या होत जातात, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पाचव्या नळीतल्या भेगा खाली रुंद होत्या. तिने त्या छायाचित्रांत पाहिल्या होत्या. पाहून ‘अपवाद’ असे टिपून ठेवले होते.

सरांचा आणि तिचा लेख ज्यात छापून आला होता त्या नियतकालिकाच्या संपादकांना तिने पाच वाजायच्या आत पत्र लिहिले. बाणाचे छायाचित्र जोडले. टोपणे मुख्य लेखकाने स्वतः लावली. तंत्रज्ञाने जागेवरच, दोनदा, हरकत घेतली. दुसऱ्या लेखिकेने, म्हणजे मी, सात वर्षे खातरजमा केली नाही, आणि माझ्या प्रबंधाचा निष्कर्षही त्यामुळे टिकत नाही. मग खरा क्रम लिहिला: पाऊस हजारो वर्षे, पिढ्यांमागून पिढ्या, कमी होत गेला. अरण्य मागे हटले, तळे आकसले, आणि काजळी वाढतच गेली. कुणीही पळाले नव्हते. उरल्यासुरल्या पाण्याभोवती ती माणसे अधिकच दाटीने, विस्तव जपत राहिली होती. आपण अकरा वर्षे त्यांना भेकड ठरवले, असे एक वाक्य तिने लिहिले, खोडले, आणि पुन्हा लिहिले. पत्राची एक प्रत तिने सरांनाही पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मोजणीच्या खोलीत आले. इतक्या वर्षांत ते त्या खोलीत तीनदाही आले नसतील. दार त्यांनी आवश्यकतेपेक्षा जोरात लोटले होते आणि तिच्या पत्राची छापील प्रत त्यांच्या मुठीत चुरगळली होती. तिच्या डोळ्यांसमोरच्या काचपट्टीवर तीनशे कण मोजायचे होते. एकेचाळीस झाले होते. मोजणी मध्येच तुटली की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि म्हणून मोजणाऱ्याशी ती संपेपर्यंत कुणी बोलत नाही.

सरांनी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली.

तिने भिंगावरून डोळा न काढता डावा हात वर करून त्यांना थांबवले. “बेचाळीस,” ती मोठ्याने म्हणाली. त्या खोलीत बसायला दुसरी खुर्ची नव्हती.