उजव्या दंडाची पट्टी

इथे आखातात आपल्या लोकांनी सुरू केलेल्या पंधरा ऑगस्टच्या फुटबॉल स्पर्धेचं हे जेमतेम चौथं वर्ष, आणि फायनलला कॅप्टनच्या दंडावर पट्टी बांधायला समितीने सनद वस्तीतल्या राधाला बोलावलं होतं. झोहराला खुर्ची दिली होती. तीही पंख्यासमोर.

"फुफी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं," समितीतला खिजर म्हणाला. हा तिच्या भावाचाच मुलगा. "यंदा आराम करा."

"पट्टी काय गुडघ्याने बांधतात?"

खिजर पाणी आणतो म्हणून गेला तो गेलाच.

पहिल्या वर्षी पट्ट्या कुणीतरी घरीच विसरून आला होता. झोहराने अंगावरची हिरवी ओढणी फाडली आणि दोन्ही कॅप्टनना बांधली, ती उजव्या दंडावर. रत्नागिरीला तिच्या माहेरी, लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या उजव्या दंडावर इमाम जामिन बांधत. नाणं शिवलेली पट्टी, वाटेत राखण व्हावी म्हणून. हात सवयीने तिथेच गेला. कॅप्टनची पट्टी डाव्या दंडाला असते हे मुलगा जुनैदने तिला घरी जाताना गाडीत सांगितलं. पण पोरांना ती चूक आवडली. तेव्हापासून या स्पर्धेत पट्टी उजवीकडेच, आणि बांधणारी झोहराच.

राधा दर वर्षी सरबताच्या टेबलामागे असे. तिथून तिला काय दिसणार? झोहराने तिला काहीही सांगायचं नाही असं ठरवलं. बांधू दे डावीकडे. पोरं हसतील.

नुकतीच पहाटेची, फज्रची नमाज झाली होती, तरी हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. राधा मैदानात उतरली. झोहराने मनातल्या मनात तिच्या साडीला नावं ठेवली. साडी चांगली होती. माहूज वस्तीच्या संघाचा कॅप्टन अर्सलान, म्हणजे झोहराचाच नातू, पुढे आला. राधाने त्याचा उजवा दंड धरला. दोन वेढे, आडवी गाठ, वर हलकी चापट. चापटसुद्धा झोहराचीच.

झोहराचा जीव जळला. म्हणजे चूकही आता आपली राहिली नाही.

एकच आशा उरली होती, गाठ सुटेल. अर्सलान पळाला, पडला, उठला. ती त्याच्या दंडाकडे बघत राहिली. आरडाओरडा झाला, पुन्हा झाला. मागे कुणी "यल्ला, यल्ला" करत पोरांना पळवत होतं. एकदा पट्टी सैल वाटली. झोहरा ओढणीला हात घालून खुर्चीतून अर्धी उठली. पट्टी घट्ट होती.

शेवटची शिट्टी झाल्यावर राधा कोकम सरबताचा पेला घेऊन शेजारी येऊन बसली.

"आपा, नीट बांधली ना मी? दर वर्षी तुमचे हात बघून शिकले."

"मला काय ठाऊक? मी मॅच बघत होते."

"बरं झालं. मला त्या सरबताच्या गर्दीत काहीच दिसलं नाही. कोण जिंकलं? आपला अर्सलान ना?"

झोहराने मैदानाकडे पाहिलं. दोन्हीकडची पोरं घामाने निथळत एकमेकांच्या गळ्यात पडली होती. चेहऱ्यांवरून काही कळायला मार्ग नव्हता.

तिने एक घोट घेतला.

"साखर कमी पडलीय गो यात," ती म्हणाली.