तिसऱ्या डावातला फोन

माझी बायको नेरेइदा गेली, हे स्टेडियमला माझ्या आधी कळलं.

आमच्या बार्किसिमेतो शहरात लोक बेसबॉलचा सामना बघायला येतानाही रेडिओ घेऊन येतात. समोर दिसतंय तेच निवेदकाकडून ऐकायचं आणि वर त्यालाच शिव्या घालायच्या. आठव्या डावात मी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या माझ्या जागेवर, शॉर्टस्टॉपला, एक साधा घरंगळत आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला. असे आयुष्यभर फेकलेत. पण लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. मला वाटलं, म्हाताऱ्याचा शेवटचा हंगाम म्हणून कौतुक चाललंय. मी टोपी उंचावली. हसलोसुद्धा.

सामना जिंकून आत आलो, तर दारात मेहुणी उभी. इराइमा.

"भाऊजी, हसत कसले होता हो?" ती ओरडली. "तिसऱ्या डावात फोन केला मी. ताई तुमचं नाव घेतेय, लगेच पाठवा म्हटलं. 'पाठवतो' म्हणाला तो तुमचा ओस्मेल!"

इस्पितळ स्टेडियमच्या मागच्याच रस्त्याला आहे. नेरेइदा सातव्या डावापर्यंत जिवंत होती. ती गेल्याचं रेडिओनं आठव्यात सांगितलं, म्हणून त्या टाळ्या.

ओस्मेल आमचा मॅनेजर. दर रविवारी आमच्याकडे जेवायचा. "वहिनी, अजून एक अरेपा," म्हणत मक्याच्या भाकरीसाठी ताट पुढे करायचा.

"भावा, फायनल पणाला लागली होती," तो म्हणाला. "तुझ्या जागी कुणाला उभं करणार होतो? लुगोला? त्याच्या हातात पाव तरी टिकतो का?"

"ती मला बोलवत होती, ओस्मेल."

"आपण जिंकलेलं तिलाही आवडलंच असतं."

मी त्याची गचांडी धरली. संघातल्या पोरांनी सोडवलं. त्या पोरांनाही सगळं माहीत होतं, एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

तरुणपणी मी अमेरिकेत छोट्या लीगमधून बसनं फिरलो. मोठ्या लीगचं बोलावणं कधी आलंच नाही. परत आलो तेव्हा नेरेइदा म्हणाली, "बरं झालं, आता तुझे सामने मला दिसतील." गुडघे गेल्यावर सरावासाठी अंगणात तीच चेंडू टाकायची. "वाक रे म्हाताऱ्या, जमीन चावत नाही!" तिच्यामुळे मी एवढे हिवाळी हंगाम खेळलो.

यंदा क्लबनं माझ्या शर्टाचा आकडा कायमचा राखून भिंतीवर लावायचं ठरवलं. ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. "कुटुंबापेक्षा क्लबला मोठं मानणारा खेळाडू, असं छापलंय आम्ही. चालेल ना?"

"मी कधी मानलं? मला विचारलं कुणी?" मी म्हणालो. "आधी ओस्मेलनं माइकवर सांगावं, की फोन आला होता आणि त्यानं तो निरोप दाबून ठेवला."

"आनंदाच्या दिवशी ते कशाला, साहेब?"

मी समारंभाला गेलो नाही. आकडा लावला त्यांनी. रेडिओवर सांगितलं, तब्येत बरी नाही.

इराइमा म्हणते, आता सोडा. कसं सोडू? अजून लोक रस्त्यात थांबवून खांद्यावर हात ठेवतात. "काय काळीज तुझं! बायको गेलेली माहीत असून खेळत राहिलास." बेकरीत, बसमध्ये, तिच्या कबरीपाशीसुद्धा. प्रत्येकाला मी सांगतो, मला माहीत नव्हतं. त्यांना वाटतं, मी नम्रपणानं बोलतोय.

ओस्मेलनं अजून तोंड उघडलेलं नाही.